गळिताआधी स्मार्ट सेन्सर: साखर कारखान्यात निवड, जोडणी आणि देखभाल कशी करावी

गळीत आटपलं की चिकोडी, रायबाग, अथणी, कागवाड, हुक्केरी, गोकाक या पट्ट्यातले कारखाने गप्प होतात आणि इन्स्ट्रुमेंट विभागाचं खरं काम सुरू होतं. बॉयलर प्रदीपनापर्यंत हातात जे महिने असतात, त्यांत पावसाळाही येतो आणि सामान उशिरा येण्याचे दिवसही. स्मार्ट सेन्सर बसवायचे असतील तर याच काळात. गव्हाणीत मोळी पडली की कुणाला पाइप कापू द्यायचा नसतो, आणि ते बरोबरच आहे.

साध्या सेन्सरपासून चार ते वीस मिलिअँपिअरच्या तारेवर एकच गोष्ट येते, मोजलेला आकडा. स्मार्ट सेन्सरमध्ये मायक्रोप्रोसेसर असतो, त्यामुळे तो दोन गोष्टी सांगू शकतो. ‘रसाचा पीएच ७.१ आहे’ ही एक. ‘माझा रेफरन्स (तुलनेसाठीचा दुसरा इलेक्ट्रोड) तुंबत चाललाय, पुढच्या आठवड्यात मला धुवा’ ही दुसरी. जास्तीचे पैसे आपण या दुसऱ्या वाक्यासाठी मोजतो. आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हेच वाक्य माणसापर्यंत पोचत नाही. एका कारखान्यात मी पाहिलं, ट्रान्समीटर सगळे हार्टचे, म्हणजे त्याच तारेवरून डिजिटल भाषेत स्वतःची तब्येतही सांगणारे, पण पीएलसीचं (प्लांट चालवणाऱ्या कंट्रोल संगणकाचं) अॅनालॉग कार्ड साधं, फक्त आकडा वाचणारं. रसाच्या पीएच सेन्सरला आपण बिघडतोय हे आठ दिवसांपासून ठाऊक होतं. कुणी विचारलंच नाही. ऑपरेटर बिचारा आकड्याप्रमाणे चुना सोडत राहिला आणि साखरेचा रंग का बिघडतोय म्हणून सगळे सल्फरच्या भट्टीकडे बघत बसले. ते पुन्हा घडू नये म्हणून हा लेख लिहितोय.

आधी यादी, मग कोटेशन

विक्रेत्याला बोलावण्याआधी वही घेऊन बॉयलिंग हाउसमधून (रस शुद्ध करून आटवतात त्या भागातून) फिरा, आणि एकटे फिरू नका. शिफ्टचा जुना ऑपरेटर बरोबर घ्या. त्याला एकच प्रश्न विचारायचा: कुठल्या आकड्यावर तुमचा विश्वास नाही?

‘अण्णा, हा मीटर बघता का?’ 
‘बघतो की. पण व्हॉल्व्ह हातानंच फिरवतो.’ 

अशी उत्तरं मिळाली की यादी तयार झाली समजा. प्रत्येक नोंदीपुढे लिहा: हा आकडा बदलला तर कोण काय करतो? कुणीच काही करत नसेल तर तिथे स्मार्ट सेन्सरची गरज नाही, साधा गेज पुरतो. पहिल्या वर्षी सहा ते आठ जागांच्या वर जाऊ नका. माझ्या मते क्रम असा ठेवावा: रसाचा पीएच, इम्बिबिशनच्या (चोथ्यातला उरलेला रस काढायला मिलवर सोडतात त्या) पाण्याचा प्रवाह, फायबरायझर (हातोड्यांनी ऊस फोडणारं यंत्र) आणि आयडी फॅनचं (बॉयलरचा धूर ओढणाऱ्या पंख्याचं) कंपन, इव्हॅपोरेटरच्या (रस आटवणाऱ्या भांड्यांच्या) बॉडीतली पातळी, मोलॅसिसच्या टाकीची पातळी. बॉयलर ड्रमची पातळी महत्त्वाची खरी, पण ती सुरक्षेशी जोडलेली आहे. तिथे पहिल्या वर्षी शिकायला हात घालू नये.

रसाचा पीएच: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

मिश्र रस ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून त्यात चुन्याचं दूध आणि सल्फर डायऑक्साइड सोडतात आणि पीएच ७ च्या थोडा वर राखतात. खाली घसरला तर साखर उलटते, म्हणजे सुक्रोजचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होऊन ती हातची जाते. फार वर गेला तर रिड्युसिंग शुगर मोडते आणि रंग चढतो. एवढ्या अरुंद वाटेवरून चालायचं, आणि वाट दाखवणारी काच मात्र गरम, चुनकट रसात बुडालेली.

पीएचची काच मिलिव्होल्ट देते. २५ अंशांना एका पीएचला सुमारे ५९ मिलिव्होल्ट, ७० अंशांना सुमारे ६८. हा फरक भरून काढायला सेन्सरमध्ये तापमान मोजण्याची सोय असते. पण इथेच लॅब आणि प्लांटची भांडणं लागतात. ही दुरुस्ती फक्त काचेपुरती असते, रसाचा स्वतःचा पीएच तापमानानुसार बदलतो तो वेगळाच. चुना घातलेल्या रसाचा पीएच गरम असताना कमी दिसतो आणि थंड झाल्यावर चढतो. केमिस्ट नमुना थंड करून मोजतो, प्लांटचा सेन्सर गरम रसात मोजतो, दोघेही खरे असतात आणि दोघेही एकमेकांना खोटं ठरवतात. उपाय साधा आहे. नमुना सेन्सरशेजारूनच घ्या, आठवडाभर दोन्ही आकडे तापमानासकट लिहा, आणि तुमच्या रसासाठी जो स्थिर फरक दिसेल तो दोन्ही विभागांनी मिळून मान्य करा. मग कंट्रोलचा सेटपॉइंट (राखायचा आकडा) गरम आकड्यावर ठरवा. लॅबशी जुळवण्यासाठी रोज कॅलिब्रेशनचा स्क्रू पिळू नका. दहा दिवसांत खरा फरक कुठला आणि पिळलेला कुठला हे कुणालाच सांगता येणार नाही.

घेताना डिजिटल डोक्याचा सेन्सर घ्या. त्याचं कॅलिब्रेशन सेन्सरच्या डोक्यातच साठवलेलं असतं. लॅबमध्ये टेबलावर बफर ७ आणि बफर ४ किंवा ९.१८ मध्ये बसवून आणायचं आणि टाकीवर फक्त बदलायचं. वाफेत, ओल्या जिन्यावर बफरच्या बाटल्या सांभाळत बसावं लागत नाही. दोन सेन्सर फिरते ठेवा, एक रसात, एक लॅबमध्ये धुऊन तयार.

हा सेन्सर जे सांगतो त्यातले तीन आकडे रोज बघण्यासारखे आहेत. स्लोप, म्हणजे काच अजून किती ताकदीची आहे. ८५ टक्क्यांच्या खाली जायला लागला की बदलीची तयारी ठेवा. काचेचा रोध एकदम कोसळला तर काच फुटली. रेफरन्सचा रोध चढत गेला तर तो तुंबतोय. हा शेवटचाच आकडा आपल्या रसात सगळ्यात कामाचा, कारण चुन्याचा थर हेच इथलं मुख्य दुखणं. धुण्यासाठी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, पाच टक्क्यांच्या आसपासचं, हातमोजे आणि चष्मा घालून; मग भरपूर पाणी. कापडानं काच घासू नये.

सेन्सर थेट टाकीत टांगण्यापेक्षा ओव्हरफ्लोच्या लाइनीवर एक छोटा सॅम्पल पॉट बसवा. रस सतत फिरता राहिला पाहिजे, आणि रस थांबला तरी काच बुडालेली राहिली पाहिजे. असा स्टेनलेसचा पॉट बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही चांगल्या शॉपमध्ये स्केच दाखवून बनवून घेता येतो.

प्रवाह मोजताना

रस आणि चुन्याच्या दुधासाठी मॅग्नेटिक फ्लोमीटर उत्तम. आत काही हलणारं नाही, अडकणारं नाही. पण तो फक्त वीजवाहक द्रवात चालतो. साधारणपणे सेंटिमीटरला किमान ५ मायक्रोसिमेन्स लागतात. इम्बिबिशनला आपण इव्हॅपोरेटरचं गरम कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) वापरतो. ते जितकं शुद्ध तितका मीटर अडखळणार. ऑर्डर देण्याआधी लॅबमधून त्या पाण्याची कंडक्टिव्हिटी मोजून घ्या, एकदा नाही, गळिताच्या वेगवेगळ्या दिवसांच्या नोंदी बघून. कमी भरली तर व्हॉर्टेक्स (भोवऱ्यांवरून मोजणारा) किंवा डीपी (दाबातल्या फरकावरून मोजणारा) मीटरकडे वळा.

मॅग मीटरची ट्यूब कायम भरलेली हवी. उभ्या पाइपात खालून वर जाणारा प्रवाह सगळ्यात चांगला. आडवा बसवायचा तर इलेक्ट्रोड बाजूला यावेत, वरखाली नाही. वर आला तर बुडबुडे, खाली आला तर गाळ. मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या पाचपट सरळ लांबी, नंतर दोन-तीनपट. जागा नाही म्हणून एल्बोला चिकटवून बसवलेला मीटर कितीही स्मार्ट असला तरी चुकीचंच सांगणार. चुन्याच्या लाइनीसाठी इलेक्ट्रोडवर थर बसल्याचं ओळखणारा आणि रिकामा पाइप ओळखणारा मीटर मागा. या दोन सूचना त्या लाइनीवर खरोखर येतात.

डीपी मीटर वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. दाबातला फरक प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून कुठेतरी एकदा वर्गमूळ काढावं लागतं. ट्रान्समीटरमध्ये चालू असेल तर पीएलसीत बंद, किंवा उलट. दोन्हीकडे चालू राहिलं तर खरा प्रवाह २५ टक्के असताना पडद्यावर ५० दिसतो. शंभर टक्क्यांवर मात्र सगळं जुळतं, त्यामुळे चूक कमिशनिंगच्या दिवशी सापडत नाही. कुठे काढलंय ते ट्रान्समीटरच्या पाटीवर लिहून ठेवा.

कंपनाचे सेन्सर कुठे लावू नयेत

हल्ली बॅटरीवर चालणारे बिनतारी कंपन सेन्सर सहज मिळतात आणि विक्रेता ते मिल रोलरच्या बेअरिंगवर लावायला सांगतो. रोलर मिनिटाला चार-पाच फेरे घेतो. एवढ्या संथ गतीवर साधा कंपन सेन्सर काही पकडत नाही. तिथे बेअरिंगचं तापमान आणि वंगण पोचतंय की नाही हे मोजा.

फायबरायझर आणि आयडी फॅनवर मात्र जरूर लावा. फायबरायझर ७५० फेऱ्यांनी फिरत असेल तर हातोड्यांच्या झिजेनं येणारा असमतोल सेकंदाला १२.५ वेळा धक्का देतो. स्वस्त सेन्सर १० हर्ट्झपासून मोजतात, म्हणजे अगदी काठावर. २ हर्ट्झपासून मोजणारा मागा. आकडा मिलिमीटर प्रति सेकंद आरएमएसमध्ये घ्या. हातोडे नवे बदलल्यावर पहिल्या दिवशी जो आकडा येतो तो तुमचा पाया. पुढची सगळी तुलना त्याच्याशी. सेन्सर बेअरिंगच्या घरावर घट्ट स्क्रूनं बसवा. पत्र्याच्या कव्हरवर चुंबकानं चिकटवला तर तो कव्हरची खडखड सांगेल.

बिनतारी सेन्सर कंट्रोल लूपसाठी, म्हणजे आकड्यावरून व्हॉल्व्ह आपोआप हलतो तिथे, वापरू नका. मोलॅसिसची टाकी, स्प्रे पाँड, लांबचा पंप अशा जागा त्यांच्यासाठी ठीक. गेटवे (बिनतारी सेन्सरचा डेटा गोळा करून पुढे पाठवणारा डबा) मोबाइल सिमवर असेल तर आणखी एक गोष्ट. निपाणी किंवा कागवाडच्या बाजूला राज्याच्या सीमेमुळे फोन कधी कर्नाटकातला टॉवर पकडतो, कधी महाराष्ट्रातला. गेटवेतही तेच होतं, कनेक्शन तुटतं आणि रात्री डेटा गायब होतो. एकाच नेटवर्कवर लॉक होणारा आणि तुटलेल्या वेळेतला डेटा स्वतःकडे साठवून नंतर पाठवणारा गेटवे घ्या.

तार आणि व्होल्टेजचा हिशोब

हा हिशोब कागदावर केल्याशिवाय एकही केबल ओढू नका. पुरवठा २४ व्होल्ट. हार्टच्या संवादाला लूपमध्ये किमान २५० ओहमचा रोध लागतो. बिघाडाच्या वेळी प्रवाह २२ मिलिअँपिअरपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे त्या रोधावर ५.५ व्होल्ट गेले. दीड स्क्वेअर मिमीची तांब्याची तार किलोमीटरला सुमारे १२ ओहम. ३०० मीटर अंतराला जाऊन-येऊन ६०० मीटर, साधारण ७ ओहम, म्हणजे ०.१६ व्होल्ट. उरले १८ व्होल्ट. बहुतेक ट्रान्समीटरना १०.५ ते १२ लागतात, तेव्हा निवांत.

पण डिस्टिलरीच्या बाजूला झेनर बॅरिअर (स्फोटाचा धोका असलेल्या जागी वीज मर्यादेत ठेवणारं उपकरण) आला की आणखी ३०० ओहम येतात आणि ६.६ व्होल्ट तिथेच जातात. उरतात साडेअकरा-बारा. ट्रान्समीटर एरवी चालतो आणि नेमका बिघाडाचा सिग्नल देताना मान टाकतो. तिथे आयसोलेटिंग बॅरिअर वापरा, हार्ट आरपार जाऊ देणारा. इथेनॉलच्या भागातली सगळी उपकरणं त्या झोनसाठी प्रमाणित हवीत. त्या भागाचं काम जाणकार कंत्राटदाराकडूनच करून घ्या.

केबल पिळाच्या जोडीची, शील्ड असलेली. शील्ड फक्त पॅनेलच्या टोकाला अर्थ करा, सेन्सरच्या टोकाला टेप लावून मोकळी सोडा. ड्राइव्हच्या (मोटारीचा वेग बदलणाऱ्या यंत्रणेच्या) पॉवर केबलपासून किमान ३०० मिमी अंतर ठेवा, ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा. मिलच्या ड्राइव्हशेजारून नेलेली केबल गळीत सुरू होईपर्यंत गरीब गाय असते.

ग्लँड (केबल आत जाते ते घट्ट बूच) खाली तोंड करून, केबलला पाणी गळून जाईल असा झोला ठेवून. आयपी ६७ ची (पाणी-धूळ आत जात नाही अशी) पाटी असूनही पाणी आत गेलेली कितीतरी हेड (ट्रान्समीटरची डोकी) मी उघडली आहेत, आणि दर वेळी कारण एकच, केबलच्या मापापेक्षा मोठा ग्लँड. उघड्यावरच्या टाक्यांवर सर्ज प्रोटेक्टर लावा. वळवाच्या विजा गळीत संपल्यावर येतात, तेव्हा प्लांट बंद असतो आणि कार्ड जळल्याचं महिन्यांनी कळतं.

सेन्सरच्या पोटातलं सेटिंग

इथे सहा गोष्टी बघायच्या: टॅग (सेन्सरचं ओळखनाव), एकक, रेंज, डॅम्पिंग (आकडा किती सेकंद मागे राहून सावकाश बदलू द्यायचा), बिघाडाची दिशा आणि राइट प्रोटेक्ट (सेटिंगला कुलूप). टॅग ड्रॉइंगप्रमाणेच टाका. डॅम्पिंग पडद्यावरची रेघ सुंदर दिसावी म्हणून वाढवू नका; पीएचला चालेल, पण इव्हॅपोरेटरच्या पातळीला वीस सेकंद डॅम्पिंग दिलं की रस व्हेपर लाइनीत गेल्यावर कळतं.

बिघाडाची दिशा म्हणजे सेन्सर बिघडला तर प्रवाह खाली पाडायचा की वर चढवायचा. रसाच्या पीएचमध्ये खाली पडला तर कंट्रोलरला रस आंबट वाटतो आणि तो चुना ओतत सुटतो. वर चढला तर चुना बंद. दोन्ही वाईट. म्हणून फक्त दिशेवर विसंबू नका, पीएलसीनं बिघाड ओळखून व्हॉल्व्ह आहे तिथेच धरावा, लूप मॅन्युअलवर टाकावा आणि माणसाला हाक मारावी. नामूर या प्रक्रिया उद्योगांच्या संघटनेच्या एनई ४३ या शिफारशीप्रमाणे ३.८ ते २०.५ मिलिअँपिअर हा खरा आकडा, ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर म्हणजे बिघाड. या मर्यादा प्रोग्राममध्ये लिहिल्या गेल्यात का, हे प्रोग्रामरला समोर बसवून बघा.

आता ते दुसरं वाक्य. पीएलसीचं कार्ड हार्ट वाचणारं घ्या. पैसे नसतील तर हार्ट मल्टिप्लेक्सर (अनेक सेन्सरचं हार्ट एकत्र वाचणारा डबा), तेही नाही तर हातातला कम्युनिकेटर घेऊन आठवड्यातून एकदा सगळ्या सेन्सरभोवती फेरी. तिसरा मार्गही चांगला आहे, फक्त दिवस आणि माणूस ठरलेला हवा.

लूप तपासणी

सेन्सरला कम्युनिकेटरनं ४, ८, १२, १६, २० मिलिअँपिअर द्यायला लावा, चढत्या आणि मग उतरत्या क्रमानं, आणि दुसऱ्या माणसानं पडदा वाचावा. मग २१.५ द्या आणि अलार्म वाजतोय का, व्हॉल्व्ह थांबतोय का ते बघा. ही शेवटची पायरी लोक विसरतात. तारेचा एक स्क्रू सोडून तीच परीक्षा पुन्हा घ्या. हे सगळं पाण्याच्या चाचणीच्या वेळी उरकून घ्या.

मोळी पडल्यावर पहिले चार-पाच दिवस लूप मॅन्युअलवरच. ऑपरेटरनं आकडा बघावा, हातानं व्हॉल्व्ह फिरवावा. आकडा खरा बोलतोय हे त्याला स्वतःला पटलं की तोच ‘ऑटोवर टाकूया का’ म्हणून विचारतो. त्याच्या आधी टाकलेला ऑटो रात्रपाळीत कुणीतरी परत मॅन्युअल करून ठेवतोच.

अलार्म कुणाच्या भाषेत

नामूर एनई १०७ नं सेन्सरच्या तब्येतीचे चार प्रकार ठरवलेत: बिघाड, तपासणी चालू, मर्यादेबाहेर, देखभाल हवी. हे चारही ऑपरेटरच्या पडद्यावर ओतू नका. पहिला ऑपरेटरला, ‘देखभाल हवी’ इन्स्ट्रुमेंट विभागाला, मधले दोन दोघांना पण आवाजाविना. रात्री दोनला पॅनमनला (साखर शिजवणाऱ्या ऑपरेटरला) ‘रेफरन्स रोध वाढला’ हे सांगून काय उपयोग? तो बझर बंद करतो, आणि मग खऱ्या बिघाडाचाही बझर बंद राहतो.

आपल्या भागात एकाच शिफ्टमध्ये मराठी बोलणारे आणि कन्नड बोलणारे खांद्याला खांदा लावून काम करतात, पडदा मात्र इंग्रजीत. अलार्मचा मजकूर दोन्ही भाषांत टाका, आणि काय झालं यापेक्षा काय करायचं ते लिहा: ‘रस पीएच सेन्सर बंद. चुना हातानं सोडा. लॅबला नमुना द्या.’ पडदा घेण्याआधी त्यावर देवनागरी आणि कन्नड जोडाक्षरं नीट उमटतात का ते प्रत्यक्ष बघा. काही पडद्यांवर ती फुटतात. सेन्सरखालच्या पाट्याही दोन्ही लिप्यांत रंगवून घ्या. फोनवर ‘तो मोठा टाकीशेजारचा’ असं सांगण्यात जाणारी पाच मिनिटं वाचतात.

रोज, आठवड्याला, हंगामाअखेर

पीएचची तुलना दर शिफ्टला एकदा, वहीत. सेन्सर धुणं रेफरन्सच्या आकड्यावरून ठरवा. सुरुवातीला अंदाज नसेल तर दर दोन दिवसांनी. कंपनाचा आलेख आठवड्याला एकदा मेकॅनिकल विभागाबरोबर बसून बघा, कारण हातोडे कधी बदलले हे त्यांच्याच वहीत असतं. बॅटरीची टक्केवारी महिन्याला.

प्रत्येक सेन्सरचं सेटिंग फाइलमध्ये साठवा आणि छापून पॅनेलच्या दारात ठेवा. सेन्सर बदलताना आठवणीतून रेंज टाकायची वेळ कुणावर येऊ नये.

गळीत संपल्यावर पीएचचे सेन्सर त्याच दिवशी काढा. धुऊन, टोपीत ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड भरून, उभे ठेवा. डिस्टिल्ड पाण्यात ठेवू नका, ते आतला क्षार ओढून घेतं आणि पुढच्या हंगामात सेन्सर मरगळलेला निघतो. मॅग मीटरची ट्यूब पाण्यानं धुऊन रिकामी करा, रस आत वाळू देऊ नका. उघड्यावरची हेड पावसाआधी उघडून ओल बघा, आत सिलिका जेलची नवी पुडी ठेवा, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा आणि झाकण हातानं नाही, पान्यानं घट्ट करा. पॅनेलमधला २४ व्होल्टचा पुरवठा पावसाळाभर चालू ठेवता आला तर ठेवा. चालू इलेक्ट्रॉनिक्सची थोडीशी ऊब ओल धरू देत नाही. आणि टाक्यांवरचे सर्ज प्रोटेक्टर वळीव संपल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात, एकदा तपासून घ्या. जळालेला असेल तर बदलायला अजून चार महिने असतात.